ज्वालामुखीचं उद्घाटन

ज्वालामुखीचं उद्घाटन मी आयुष्यात एकदाच पाहिलं. फीत होती, कात्री होती, कात्री ठेवायला स्टीलचं ताट होतं आणि ताटावर नेहमीप्रमाणे टॉवेल होता. फीत कापण्याआधी ज्वालामुखीसमोर नारळ फोडला. ज्वालामुखी शांत होता. समितीच्या अध्यक्षांनी भाषणात या शांततेचा मुद्दाम उल्लेख केला आणि तो विझल्याचं श्रेय जवळजवळ समितीला दिलं.

हे घडलं लाखांदूरहून दिघोरीच्या पुढे, एस.टी. जिथून वळून परत येते तिथल्या एका गावात. गावाच्या मागे डोंगर सुरू होतो आणि डोंगरात राष्ट्रीय उद्यान. डोंगर हा शब्द मी जरा दबूनच वापरतो. साताऱ्याकडचा माणूस आमच्या डोंगराला टेकाड म्हणेल आणि त्यावर बसून डबा खाईल. पण आमच्याकडे सगळी जमीन धानाच्या बांध्यांनी, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांनी, सपाट करून टाकलेली. त्यात जे काही उभं राहायची हिंमत करतं त्याला आम्ही डोंगर म्हणतो.

उद्यानाचं एक नवं दार या गावातून उघडणार होतं. दार उघडलं की जिप्सी येणार, जिप्सीतून माणसं येणार, आणि वाघ दिसो न दिसो, त्यांना काहीतरी दाखवायला हवं. वाघ समितीचं ऐकत नाही. म्हणून गावच्या पर्यटन समितीच्या अध्यक्षांनी ज्वालामुखी शोधून काढला. हे गृहस्थ मूळचे हातमागाच्या लुगड्यांचे व्यापारी. लुगडं विकताना काठाची जशी तारीफ करत, तशीच ते आता डोंगराची करत; आणि गिऱ्हाईक गप्प बसलं की पटलं असं समजत.

डोंगर थोडा चढून गेलं की वाटीसारखा एक खोलगट भाग आहे, तीन बाजूंनी उंच आणि चौथ्या बाजूला फुटलेला. त्याच्या काठावर फलक लागला: ‘प्राचीन ज्वालामुखीचे मुख. कृपया आत उतरू नये.’ आत त्या वेळी दोन म्हशी उतरलेल्या होत्या.

मी निवृत्त होईपर्यंत लाखांदूरला शाळेत भूगोल शिकवला. फुकटचा चहा आणि ज्वालामुखी अशी दुहेरी लालूच असल्यामुळे उद्घाटनाला गेलो होतो. वाटीच्या काठावरून एक चक्कर मारली आणि मला हसू आवरेना. ती बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. पावसाचं पाणी अडवून धानाला द्यायला जुन्या लोकांनी गावोगाव बांधलेला. एका बाजूला मातीची पाळ, तिच्या आतल्या अंगाला हातानं रचलेले दगड आणि पाणी सोडायचं दगडी तोंडसुद्धा जागेवर होतं. पाळ कधीतरी फुटली, दुरुस्त कोणी केली नाही, बोडी कोरडी पडली, आणि गावाच्या पणजोबांनी खणलेल्या खड्ड्यासमोर पणतूंनी नारळ फोडला.

मी हे अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “गुरुजी, तुमाले सगळ्यात पाणीच दिसते. आमाले आग दिसून राहिली.” यावर आजूबाजूची माणसं हसली आणि चर्चा संपली.

मी घरी येऊन आठवडाभर ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली. ती तिथंच संपली असती, पण एके दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली.

ही मुलगी दिघोरीहून एस.टी.नं शाळेत येत असे. वर्गात फार बोलायची नाही, पण फळ्यावर नकाशा काढायला उठवलं की वैनगंगेचं वळण बरोबर काढायची. पुढे लग्न होऊन ती या डोंगराखालच्या गावात गेली होती. शेती थोडी, एका पिकाची. धान कापून झालं की गावातली निम्मी घरं कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला जातात, तशी तीही नवऱ्याबरोबर जायची. पोरगी लहान होती तोवर तिला पाठीशी बांधून नेली. आता पोरगी चौथीत होती. गेल्या वर्षी मिरचीहून परत आल्यावर शाळेतल्या बाईंनी पोरीला पाढे विचारले, तर तिनं तेलुगूत आकडे म्हणून दाखवले. सगळे हसले. हिला मात्र हसू आलं नाही.

उद्यानासाठी स्थानिक मार्गदर्शक निवडणार होते. निवड झाली असती तर हिवाळा-उन्हाळा गावातच काम मिळालं असतं, मिरची सुटली असती, पोरीची शाळा टिकली असती. झाडं, पाखरं, पाऊलखुणा हे तिला पाठ करायची गरज नव्हती. लग्न झाल्यापासून लाकूडफाटा, मोहफूल, तेंदूपत्ता यासाठी ती त्याच जंगलात फिरत होती. अडचण होती ती दगडांची. परीक्षेत डोंगर कसा झाला तेही विचारणार होते.

“सर, हे गोट्याचं तेवढं सांगून द्या,” ती म्हणाली.

मी सांगून दिलं. वही काढायला लावली आणि जुन्या सवयीनं उभं राहून सांगितलं. ज्वालामुखीचा काळा दगड पश्चिमेकडून येतो तो नागपूरच्या आसपास येऊन थांबतो. आपल्या भंडाऱ्यात तो नाही. आपला डोंगर पांढऱ्या गारगोटीसारख्या दगडाचा, म्हणजे मुळात वाळू. दाबून, तापून घट्ट झालेली. तेव्हा या डोंगराचा आणि ज्वालामुखीचा काडीचा संबंध नाही. हे वाक्य मी तिला दोनदा लिहायला लावलं.

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, “मंग सर, आमच्या खालच्या बांध्यातली माती काळी काहून आहे? डोंगरावरून तं पांढरीच रेती उतरते.”

“बोडीचा गाळ,” मी म्हणालो. मला चहा घ्यायचा होता.

ती वहीकडे बघत राहिली. मग मान हलवून निघून गेली. शिक्षकाच्या नोकरीत मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे हे मी पुष्कळ वर्षं पाहिलं होतं, पण निवृत्तीबरोबर ते ज्ञानही परत केलेलं असावं.

पुढच्या खेपेला ती एक छापील कागद घेऊन आली. समितीनं सगळ्या उमेदवारांना तो वाटला होता. ‘पर्यटक बंधू-भगिनींनो, आपण उभे आहोत ते साक्षात अग्निदेवाच्या मुखाशी’ अशी त्याची सुरुवात होती आणि पुढे ती अधिकच तापत गेली होती. हा मजकूर फलकाजवळ शब्दशः म्हणून दाखवायचा, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. निवड करणारे तिघं होते: वनखात्याचे एक साहेब, नागपूरहून येणाऱ्या भूगर्भशास्त्राच्या एक बाई आणि स्वतः अध्यक्ष.

मी कागद वाचला आणि माझ्या अंगात वीरश्री संचारली. मी तिला म्हणालो की हे असलं काही तोंडातून काढायचं नाही. खरं ते सांगायचं. ती बोडी आहे असं सरळ सांगायचं. सत्याला भिण्याचं कारण नाही वगैरे. बरंच बोललो. ती गेल्यावर आमच्या सौभाग्यवती, ज्या कोंढा गावच्या असल्यामुळे भीड ठेवत नाहीत, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “पोरगी खरं बोलन. मंग मिरची तोडाले तुमी जासान का?”

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

“तत्त्व तुमचं, पोरगी तिची,” त्या म्हणाल्या, आणि एक खडा काढून अंगणात फेकला.

दोन दिवस मला जेवण नीट गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी त्या गावाला गेलो. ती बांधीत कापून पसरलेल्या धानाच्या कडपा गोळा करून पेंढ्या बांधत होती. मी बांधावर उभा राहून तिला सांगितलं, की बाई, तू तो कागदच पाठ कर. अग्निदेव म्हण, काय वाटेल ते म्हण, निवड झाल्यावर पुढचं पुढे बघू. हे सांगताना मला फार उदार वाटत होतं. तिनं पेंढी बांधून पूर्ण केली, मग म्हणाली, “सर, तुमचं बी पाठ केलं, त्याईचं बी केलं. दोन्ही बसून नाई राहिलं मातीले.”

मला वाटलं पोरगी थकली आहे. तिला नीट जेवायला सांगून मी परतीची गाडी पकडली.

परीक्षा धान मळून झाल्यावर ठेवली होती. प्रत्येक उमेदवारानं परीक्षकांना अर्धा तास हिंडवून माहिती सांगायची, अशी पद्धत. मी मागे मागे चालत होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण निवृत्त शिक्षकाला आमच्याकडे हटकत नाहीत. तिच्याआधी तीन उमेदवार झाले. तिघांनीही फलकाजवळ अग्निदेवाला आवाहन केलं. तिसऱ्यानं तर आवाज चढवून हातही वर केले, आणि म्हशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. नागपूरच्या बाई तिन्ही वेळा वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि चेहरा कोरा ठेवत होत्या.

मग तिची पाळी आली. जंगलातून आणताना तिनं साहेबांना अस्वलानं ओरबाडलेलं झाड दाखवलं, वारूळ दाखवलं, रानकुत्र्यांची विष्ठा काडीनं फोडून आतले केस दाखवले. साहेब खूश होते. फलकाजवळ आल्यावर ती थांबली. तिच्या हातात कागद नव्हता. अध्यक्षांनी घसा साफ करून तिला सुचवायची तयारी केली.

ती म्हणाली की ही बोडी आहे. गावातल्या जुन्या लोकांनी बांधली. तिनं पाळ दाखवली, रचलेले दगड दाखवले, पाणी सोडायच्या तोंडात हात घालून दाखवला. अध्यक्षांचा चेहरा त्यांच्याच एका लाल काठाच्या लुगड्यासारखा झाला. ते म्हणाले की समितीच्या फलकाचा हा अपमान आहे आणि हिला कोणी शिकवलं ते त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

ती पुढे बोलत राहिली. “पण आग होती जी,” ती म्हणाली. “इथं नाई. खालत होती. चला, दाखवतो.”

माझी छाती होती तिथं आली.

ती आम्हाला डोंगरावरून उतरवून बांध्यांच्या कडेनं मोहाच्या झाडाखाली घेऊन गेली. तिथं गावची मातामाय आहे. मातामाय म्हणजे गाव राखणारी देवी. देऊळ नाही, फक्त एक चौथरा आणि त्यावर शेंदूर लावलेले दगड. मूळ देवीचे दगड थोडे, पण चौथऱ्याभोवती गुडघाभर उंचीची एक रासच होती. सगळे दगड हिरवट काळे आणि प्रत्येकावर पांढरे ठिपके. कुठे बोराच्या बीएवढे, कुठे बदामाएवढे. मी तिथून किती वेळा गेलो असेन. मी देवाला हात जोडणारा माणूस नाही, आणि हात जोडायचे नाहीत म्हणून तिकडे बघायचंही नाही असं माझं कधीपासून ठरून गेलं होतं, कोण जाणे.

तिनं चपला काढल्या. मग साहेबांना आणि बाईंना सांगितलं, की या गावात नांगराच्या तोंडी डोळ्यांचा गोटा निघाला तर तो बांधावर टाकत नाहीत, घराच्या पायव्यात घालत नाहीत, पाटा-वरवंट्यालाही घेत नाहीत. त्याला डोळे आहेत, म्हणजे तो पाहतो. तो धुऊन मातामायजवळ आणून ठेवायचा. सासऱ्यांनी ठेवले, त्यांच्या बापांनी ठेवले, तिनं स्वतः तीन ठेवले. “म्हणून वावरात पाहासान तं एक बी नाई भेटणार. सगळे इथं येऊन बसले.”

साहेब म्हणाले, की डोंगरावरून घरंगळत आले असतील.

“डोंगरावर मी दहा-बारा वर्षं झाले फिरून राहिली जी. वरतं असा गोटा नाई. वरतं सगळा पांढरा. हे खालच्या काळ्या मातीतलेच. मातीबी याचीच झाली असन. गोटा हातात चुरला का तसाच रंग निघते.”

नागपूरच्या बाईंनी एव्हाना बूट काढले होते. त्यांनी तिला विचारलं, हात लावला तर चालेल का. ती म्हणाली, लावा, फोडू नका. बाई गुडघ्यांवर बसल्या, गळ्यातलं भिंग काढलं आणि एकेक दगड फिरवून पाहू लागल्या. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाईंना ताजा तुटलेला पृष्ठभाग पाहायचा होता आणि हातोडी पिशवीत होती, पण मातामायचा दगड फोडणार कोण? तेव्हा ती त्यांना जवळच्या नाल्यात घेऊन गेली. गावातल्या बायका ज्या खडकावर धुणं आपटतात तो त्याच दगडाचा होता. जागेवरचा, जमिनीत रुजलेला. बाईंनी त्याच्या कडेचा टवका काढला, पाण्यात बुडवला, भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदाच हसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. हा लाव्हाच. पांढरे डोळे म्हणजे लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वाफेचे बुडबुडे, जे नंतर पांढऱ्या खनिजानं भरले. पण हा सह्याद्रीचा लाव्हा नाही. हा इतका जुना की सह्याद्रीचा दगड याच्यापुढे अंगणवाडीतलं पोर. मधल्या काळात तो जमिनीत गाडला गेला, दाबला गेला, दुमडला गेला, म्हणून हिरवट झाला. त्याचं तोंड वगैरे कधीच झिजून गेलं. शेजारची वाळू मात्र दाबून इतकी टणक झाली की पाऊसवाऱ्याला दाद देईना. ती डोंगर होऊन उभी राहिली. लाव्हा मऊ पडला, कुजला, खाली बसला आणि त्याची काळी माती झाली.

म्हणजे सगळं गाव ज्वालामुखी बघायला डोंगर चढत होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच ज्वालामुखीत धान रोवून भात खात होतं.

अध्यक्ष म्हणाले, “मी का म्हणत होतो? ज्वालामुखी आहे म्हणत होतो का नाई?” त्यांचं हे म्हणणं खरं होतं, आणि त्या दिवशी मला सगळ्यात जास्त तेच लागलं. त्यांनी आग बरोबर सांगून जागा चुकवली होती. मी जागा बरोबर ओळखून आग नाकारली होती, तीही दोनदा लिहायला लावून.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं.

निकाल मात्र लगेच लागला नाही. अध्यक्षांनी फलकाच्या अपमानाचा लेखी अर्ज दिला, आणि साहेब म्हणाले की यादी वरून मंजूर होऊन येईल. ‘वरून’ हा आमच्याकडचा एक स्वतंत्र पर्वत आहे. त्यावरून काय कधी खाली येईल त्याचा भूगोल मलाही ठाऊक नाही. इकडे मिरचीचा मुकादम गावात येऊन नावं लिहू लागला. गाडी भरली की जागा मिळत नाही, हे तिला माहीत होतं. यादीत नाव नसलं आणि मुकादमाच्या वहीतही नसलं, तर आख्खा उन्हाळा घरात बसून काढायचा होता. नवऱ्यानं आपलं नाव दिलं. मुकादमानं तिचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माझं नोको लिहू.”

हे मला नंतर तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तो म्हणाला, मी विचारलं तिले, यादी आली का? तं म्हणते, नाई आली. मंग म्हटलं, कायच्या भरोशावर? तं म्हणते, मी बरोबर सांगितलं ना. एवढं बोलून तो हसला आणि मान हलवत राहिला. मी तिला जेवढं शिकवलं त्यात हे नव्हतं.

गाडी गेली. त्यानंतर बारा-तेरा दिवस मी रोज स्टँडवर जाऊन तिकडून येणाऱ्या एस.टी.च्या चालकाला विचारत असे. तो शेवटी म्हणाला, “सर, यादी आली का मीच हॉर्न वाजवत येतो, तुमी घरी बसा.” एका सकाळी त्यानं खरंच हॉर्न वाजवला. यादीत पाच नावं होती, तिचं दुसरं. अध्यक्षांच्या अर्जाचं काय झालं ते कळलं नाही. एवढं मात्र खरं, की फलक उचलून बांध्यांजवळ नेला गेला, आणि तोही एका छोट्या समारंभासह. टॉवेल तोच असावा.

मार्चमध्ये आम्ही दोघं गेलो. सौभाग्यवतींना जिप्सीत बसायची हौस होती. आमच्याबरोबर पुण्याचं एक कुटुंब होतं. तिनं खाकी सदरा घातला होता, साडीवरूनच, आणि खिशाला बिल्ला. फेरीच्या शेवटी तिनं गाडी बांध्यांच्या कडेला थांबवून सगळ्यांना उतरवलं. कापलेल्या धानाची खुंटं आणि भेगा पडलेली काळी जमीन, याखेरीज तिथं काही नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, “ज्वालामुखी कुठे आहे?”

“तुम्ही उभे आहात तिथंच,” ती म्हणाली.

त्यांनी एक पाय उचलला. मग शरमून खाली ठेवला.

ती समजावून सांगू लागली. सांगणं छान होतं, सुटसुटीत होतं, आणि पांढऱ्या वाळूच्या डोंगराशी आल्यावर मला राहवेना. मी मध्येच सांगायला लागलो, की हा जो पांढरा दगड आहे ना, तो मुळात...

“सर,” ती म्हणाली, “मधात बोलू नोका. मी सांगून राहिली ना.”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे इतक्या समाधानानं पाहिलं, की मी मुकाट्यानं मागे सरकून त्या पुण्याच्या मुलांच्या रांगेत उभा राहिलो आणि ऐकू लागलो.